एक-दशांशाची खुर्ची

१९५२ च्या डिसेंबरात पुण्याच्या जिल्हा लॉ लायब्ररीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे व्याख्यान झाले. लोकशाही नीट चालायची तर आधी काय काय असावे लागते, हा विषय होता. समाजात पराकोटीची विषमता नसावी, ही त्यांची पहिली अट. दुसरी अट विरोधी पक्षाची. ती समजावताना त्यांनी तत्त्वज्ञान बाजूला ठेवून अगदी व्यवहारातल्या गोष्टी सांगितल्या. इंग्लंडमध्ये विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो, हाताखाली माणसे मिळतात, पार्लमेंटात बसायला खोली मिळते आणि कॅनडातही तसेच आहे. आपल्याकडची वर्तमानपत्रे मात्र जाहिरातींच्या उत्पन्नापायी सरकारला जास्त जागा देतात, अशी तक्रारही त्यांनी केली.

हे बोलणारा माणूस वर्षभरापूर्वीच मंत्रिमंडळातून बाहेर पडला होता, त्याच वर्षी मुंबईतून लोकसभेची निवडणूक हरला होता आणि राज्यसभेत बसत होता. ज्या पदाचे वर्णन तो करत होता ते पद तेव्हाच्या लोकसभेत नव्हते, आणि पुढची सतरा वर्षे येणारही नव्हते. त्यानंतरही ते अनेकदा आले आणि गेले. आज महाराष्ट्रात त्यावरून जो वाद चालू आहे त्याचे मूळ शोधायचे, तर आधी लंडनपर्यंत मागे जावे लागते.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये राजाच्या मंत्र्याला संघटितपणे विरोध करणे हे जवळजवळ राजद्रोहाच्या कुळातले पाप होते. एखाद्या विधेयकाला विरोध चालत असे, पण विरोधाचा कायमचा गट बांधणे म्हणजे फितुरी. रॉबर्ट वॉलपोलने वीस वर्षे कारभार हाकला. त्याच्याविरुद्ध बोलिंगब्रोक आणि पल्टनी यांनी १७२६ मध्ये ‘द क्राफ्ट्समन’ नावाचे पत्र काढून रान उठवले, पण आपण गट बांधतो आहोत हे कबूल करायची त्यांचीही तयारी नव्हती. आम्ही गट मोडायला निघालो आहोत, अशी त्यांची भाषा. मग या विरोधकांना आसरा कुठे मिळायचा? युवराजाच्या वाड्यात. हॅनोव्हर घराण्यात बाप-लेकाचे पटायचे नाही, ही जणू घरातली रीतच होती. त्यामुळे राजाशी बिनसलेले सरदार युवराजाभोवती जमत. त्यांचे तर्कशास्त्र मजेदार होते. आजच्या राजाच्या मंत्र्याला विरोध करणारा उद्याच्या राजाची सेवा करत असेल, तर त्याला द्रोही कसे म्हणायचे? सनदशीर विरोधाची कल्पना वाढली ती अशी, राजघराण्यातल्या भांडणाच्या आडोशाने.

१७७० मध्ये एडमंड बर्कने पक्षाची उघड बाजू घेतली आणि तत्त्वासाठी एकत्र आलेली माणसे म्हणजे कारस्थानी टोळी नव्हे, असे मांडले. पण या पदाला नाव मिळाले ते एका थट्टेतून. १८२६ मध्ये जॉन कॅम हॉबहाऊस हा कवी बायरनचा मित्र आणि जहाल खासदार कॉमन्समध्ये बोलताना ‘हिज मॅजेस्टीज ऑपोझिशन’ असे म्हणून गेला. मंत्री जसे राजाचे, तसे विरोधकही राजाचेच! सभागृह हसले. विरोधी बाकांवरच्या जॉर्ज टियर्नीने ही थट्टा लगेच गंभीरपणे उचलून धरली. शंभर वर्षांपूर्वी ज्या गोष्टीसाठी मानेवर सुरी आली असती ती आता विनोदाने बोलता येत होती.

पुढची पायरी पैशाची. कॅनडाने १९०५ मध्ये विरोधी पक्षनेत्याला सरकारी पगार सुरू केला. ब्रिटनने १९३७ च्या कायद्यात पंतप्रधानांना दहा हजार पौंड आणि विरोधी पक्षनेत्याला दोन हजार पौंड वार्षिक वेतन ठरवले. तेव्हा त्या जागेवर क्लेमंट अ‍ॅटली होते. या कायद्यातली व्याख्या नीट पाहण्यासारखी आहे. सरकारच्या विरोधातल्या पक्षांपैकी ज्याचे संख्याबळ सर्वांत जास्त, त्याचा कॉमन्समधला नेता तो विरोधी पक्षनेता. शंका आली तर स्पीकर सांगतील ते अंतिम. किमान किती सदस्य हवेत, याबद्दल एक अक्षर नाही. ते असायचे कारणही नव्हते. १९३१ च्या निवडणुकीत मजूर पक्षाची इतकी वाताहत झाली की ६१५ च्या सभागृहात त्याचे पन्नासच्या आसपास खासदार उरले, म्हणजे दहा टक्क्यांहूनही कमी. तरी म्हाताऱ्या जॉर्ज लॅन्सबरींनी विरोधी बाकांचे नेतृत्व केले आणि त्यांच्या अधिकाराबद्दल कोणी त्रैराशिक मांडले नाही.

आपल्या संविधान सभेत १९४९ साली झेड. एच. लारी यांनी विरोधी पक्षनेत्याच्या वेतनाची तरतूद संविधानातच असावी, अशी दुरुस्ती सुचवली. ती फेटाळली गेली. सभागृह बहुतेक काँग्रेसचे, समोरचा विरोध मूठभर आणि सुचवणारे मुस्लीम लीगचे. तेव्हाचे वातावरण पाहता दुसरे काही होणे कठीणच होते.

मग आले गणेश वासुदेव मावळंकर. दादासाहेबांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, कर्मभूमी अहमदाबाद. १९३७ पासून ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते, आणि १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले. त्यांच्यापुढे ४८९ निवडून आलेल्या सदस्यांपैकी काँग्रेसचे ३६४ होते. उरलेल्यांत कम्युनिस्ट १६, समाजवादी १२, किसान मजदूर प्रजा पक्षाचे ९, जनसंघाचे ३, शिवाय अपक्षांची गर्दी. बसायला जागा कोणाला कुठे द्यायची, बोलायला वेळ किती, कार्यालयाला खोली कोणाला? चार माणसांनी एकत्र येऊन आपण पक्ष आहोत म्हणावे आणि वेळ मागावा, अशी स्थिती. संसदेत दोन ठसठशीत पक्ष असावेत, असे मावळंकरांचे मत होते. त्यांनी ठरवले की पक्ष म्हणून मान्यता हवी असेल तर निदान सभागृहाची गणपूर्ती करता येईल इतके सदस्य हवेत. संविधानाच्या १०० व्या अनुच्छेदाने गणपूर्ती एक-दशांश ठेवली आहे. तोच आकडा इथे आला, आणि पुढे अध्यक्षांच्या निर्देशांत जाऊन बसला.

मावळंकरांना मी दोष देणार नाही. त्या सभागृहात शिस्त लावायला कुठलीतरी रेघ मारणे भागच होते, आणि जो पक्ष एकट्याने सभागृह भरवू शकत नाही तो उद्या सरकार कसे चालवणार, हा विचारही अगदीच पोकळ नव्हता. पण ही रेघ बाके, खोल्या आणि मिनिटे वाटण्यासाठी मारलेली होती, हे विसरले गेले.

पुढच्या सतरा वर्षांत लोकसभेला अधिकृत विरोधी पक्षनेता नव्हता. आणि तरी, गंमत पाहा, विरोधी बाकांवरची सगळ्यात तेजस्वी माणसे याच काळातली. १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी स्वतंत्र भारतातला पहिला अविश्वास ठराव मांडला. बाजूने ६२ आणि विरुद्ध ३४७ मते पडली, पण नेहरूंच्या सरकारला दिवसचे दिवस उत्तरे देत बसावे लागले. पोटनिवडणुकीतून नुकतेच आलेल्या राममनोहर लोहियांनी देशातला गरीब माणूस दिवसाला तीन आण्यांवर जगतो असे सांगून सरकारी आकडेवारीची सालटी काढली. राजापूरचे नाथ पै उभे राहिले की सत्ताधारी बाकेही कान देत. पुण्याचे मधू लिमये बिहारमधल्या मुंगेरहून निवडून आले आणि नियमांचे पुस्तक हातात घेऊन मंत्र्यांना घाम फोडू लागले. यांच्यापैकी कोणालाही मंत्र्याचा दर्जा नव्हता. म्हणून आजही काही जण म्हणतात, पदाचे एवढे काय? बोलणारा माणूस दमदार असला की झाले.

या युक्तिवादाकडे थोड्या वेळाने येऊ.

१९६७ मध्ये काँग्रेसचे बहुमत घसरले, तरी ५२० च्या सभागृहात सर्वांत मोठा विरोधी पक्ष असलेल्या स्वतंत्र पक्षाकडे ४४ जागा होत्या. एक-दशांश भरत नव्हता. (हा ४४ चा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा.) मात्र त्याच वर्षी एक चांगला पायंडा पडला. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधकांकडे गेले आणि मिनू मसानी तिचे पहिले विरोधी पक्षातले अध्यक्ष झाले.

देशाला पहिला अधिकृत विरोधी पक्षनेता मिळाला तो काँग्रेसच्याच पोटातून. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली, आणि काही आठवड्यांपूर्वीपर्यंत इंदिरा गांधींचे रेल्वेमंत्री असलेले रामसुभग सिंह डिसेंबरमध्ये समोरच्या बाकावर संघटना काँग्रेसचे नेते म्हणून बसले. विरोधकांनी सतरा वर्षे निवडणुका लढवून जो आकडा गाठला नव्हता तो सत्ताधाऱ्यांच्या भाऊबंदकीने एका झटक्यात पुरा केला. वर्षभरात लोकसभा विसर्जित झाली आणि १९७१ च्या लाटेत ते पदही वाहून गेले. आणीबाणी आली तेव्हा विरोधी पक्षनेता नव्हताच. विरोधी नेते होते, पण ते तुरुंगात.

तुरुंगातून सुटून सत्तेवर आलेल्या जनता पक्षाने १९७७ मध्ये विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन-भत्त्यांचा कायदा केला. त्याची व्याख्या ब्रिटनच्या १९३७ च्या कायद्याशी मिळतीजुळती आहे. सरकारविरोधी पक्षांपैकी सर्वाधिक संख्याबळाच्या पक्षाचा नेता, आणि ज्याला सभागृहाच्या अध्यक्षांनी किंवा सभापतींनी तशी मान्यता दिली आहे तो. दोन पक्षांचे बळ सारखे असेल तर काय करायचे, हेही सांगितले आहे. एक-दशांश मात्र त्यात कुठेही नाही. कायदा करणाऱ्यांना मावळंकरांचा दंडक ठाऊक नव्हता असे थोडेच आहे! घालायचा असता तर एका ओळीत घातला असता.

या कायद्याचा पहिला लाभ ज्यांना झाला ते यशवंतराव चव्हाण आणीबाणीच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री होते. कालपर्यंत ज्यांच्या सरकारने विरोधकांना कोठडीत टाकले त्यांनाच आज विरोधकाचा मान मिळत होता. जनता पक्षाच्या खाती जमा करावी अशी ही मोठीच गोष्ट आहे, आणि त्या पक्षाच्या खाती फार गोष्टी जमा नाहीत. समोर पंतप्रधान मोरारजी देसाई. पंचवीस वर्षांपूर्वी मुंबई राज्यात मोरारजींच्याच मंत्रिमंडळात यशवंतराव पुरवठा मंत्री होते. मधल्या काळात काँग्रेस पुन्हा फुटली, खुर्ची सी. एम. स्टीफन यांच्याकडे गेली, १९७९ च्या जुलैत परत चव्हाणांकडे आली. परत येताच त्यांनी अविश्वास ठराव दाखल केला, आणि मतदानाची वेळ येण्याआधीच मोरारजींनी राजीनामा दिला. विरोधी पक्षनेत्याने सरकार खाली खेचावे हे पुस्तकातले दृश्य प्रत्यक्षात दिसले. महिना संपायच्या आत चव्हाण चरणसिंगांचे उपपंतप्रधान झाले. त्यांच्या जागी जनता पक्षाचे जगजीवनराम आले. अडीच वर्षांत तीन वेळा खुर्चीवरचा माणूस बदलला. हे सगळे मतदारांना न विचारता.

ऐंशीचे दशक पुन्हा रिकामे गेले. १९८४ मध्ये सर्वांत मोठा विरोधी पक्ष तेलुगू देसम, तोही ३० जागांचा. १९८९ नंतर मात्र आघाड्यांच्या काळात हे पद सलग पंचवीस वर्षे भरलेले राहिले. राजीव गांधी, अडवाणी, वाजपेयी, काही दिवसांपुरते नरसिंह राव, मग सोनिया गांधी आणि सुषमा स्वराज. १९९८ मध्ये शरद पवार तिथे होते. १९९९ च्या एप्रिलमध्ये वाजपेयींचे सरकार एका मताने पडले ते त्यांच्याच काळात, आणि पुढच्या दोन महिन्यांत काँग्रेसने पवारांना पक्षातूनच काढले.

याच पंचवीस वर्षांत एक महत्त्वाची गोष्ट फारशी चर्चा न होता घडली. या पदाचे काम बदलले. १९९३ चा मानवी हक्क आयोगाचा कायदा, २००३ चा केंद्रीय दक्षता आयोगाचा, २००५ चा माहितीच्या अधिकाराचा, २०१३ चा लोकपालाचा: प्रत्येकात नेमणूक करणाऱ्या समितीत पंतप्रधानांबरोबर विरोधी पक्षनेत्याला जागा दिली गेली. लोहिया किंवा नाथ पैंच्या काळात असे काही नव्हते. तेव्हा विरोधकाची ताकद भाषणात होती, आणि भाषण करायला पद लागत नाही. आता ती समितीतल्या मतात आणि असहमतीच्या टिपणात आहे. देशाचा दक्षता आयुक्त कोण, मुख्य माहिती आयुक्त कोण, या कागदावर ज्याची सही किंवा नकार उमटतो तो माणूस म्हणजे विरोधी पक्षनेता. पदाचे एवढे काय, याचे उत्तर हे आहे.

२०१४ मध्ये काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या, स्वतंत्र पक्षाला १९६७ मध्ये मिळाल्या होत्या तेवढ्याच. ज्या दंडकाच्या आधारे काँग्रेसच्या राज्यात वर्षानुवर्षे इतरांना हे पद मिळाले नाही तोच आता तिच्यावर उलटला. लोकसभाध्यक्ष होत्या सुमित्रा महाजन. त्या निवडून आल्या इंदूरहून, पण जन्म चिपळूणचा. म्हणजे नियम घालणारे आणि तो काटेकोर पाळणाऱ्या, दोघांची मुळे रत्नागिरी जिल्ह्यातलीच. त्यांनी महान्यायवादींचे मत मागवले आणि मल्लिकार्जुन खरगे यांना पद नाकारले. २०१९ मध्ये काँग्रेसच्या ५२ झाल्या, ५५ साठी तीन कमी. पद पुन्हा रिकामेच. बचावासाठी १९९८ चा एक कायदा दाखवला जातो, ज्यात मान्यताप्राप्त पक्षासाठी ५५ सदस्यांची अट आहे. ती आहे, हे खरे. पण तो कायदा पक्षांचे नेते आणि मुख्य प्रतोद यांना द्यायच्या कार्यालयीन सोयींचा आहे. विरोधी पक्षनेत्यासाठी १९७७ चा स्वतंत्र कायदा असताना दुसऱ्या कायद्यातला आकडा उसना आणणे म्हणजे शेजारच्या सातबाऱ्यावरून आपल्या शेताची हद्द ठरवण्यासारखे आहे.

किंमत मोजली ती लोकपालाने. दक्षता आणि माहिती आयोगांच्या कायद्यांत शहाणपणाने एक वाक्य लिहिलेले आहे. मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाचा नेता चालेल. ज्या लोकपालासाठी राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी दिल्लीत उपोषणे केली त्याच्या कायद्यात हे वाक्य राहून गेले. सरकार म्हणे, विरोधी पक्षनेता नाही, नेमणूक कशी करू? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की समितीत एक जागा रिकामी असली तरी काम थांबत नाही. मग खरगेंना ‘विशेष निमंत्रित’ म्हणून बोलावणी गेली, आणि मत देण्याचा हक्क नसलेल्या त्या पाटावर बसायला त्यांनी वेळोवेळी नकार दिला. पहिला लोकपाल नेमला गेला २०१९ च्या मार्चमध्ये. कायदा लागू होऊन पाच वर्षे उलटली होती. २०२४ मध्ये काँग्रेस ९९ वर गेली, राहुल गांधी विरोधी पक्षनेते झाले आणि दिल्लीतला हा प्रश्न तूर्त मिटला.

महाराष्ट्रात या खुर्चीची कहाणी निराळ्या वळणाने गेली. इथे साठच्या दशकात शेतकरी कामगार पक्षाचे कृष्णराव धुळप तिच्यावर होते, आणि सत्तेत जायचा मोह पडावा असे तेव्हा त्या बाकावर काही नव्हते. नव्वदच्या दशकात गोपीनाथ मुंडेंनी विरोधी पक्षनेता असताना राज्य पिंजून काढले, १९९५ मध्ये सत्तांतर झाले आणि ते उपमुख्यमंत्री झाले. हा राजरस्ता. त्यानंतर आडवाटा सुरू झाल्या. नारायण राणे २००५ मध्ये विरोधी पक्षनेतेपदावरून निघाले ते काँग्रेसमध्ये जाऊन महसूलमंत्री झाले. एकनाथ शिंदे २०१४ मध्ये महिनाभरही विरोधी पक्षनेते नव्हते, तोवर शिवसेना सत्तेत गेली आणि ते मंत्री. राधाकृष्ण विखे पाटील २०१९ मध्ये काँग्रेसचे हे पद सोडून भाजपच्या मंत्रिमंडळात. अजित पवार २ जुलै २०२३ ला सकाळी विरोधी पक्षनेते होते आणि दुपारी उपमुख्यमंत्री. देवेंद्र फडणवीसांचे वेगळे: ते आपल्या पक्षातच राहिले, फुटले दुसरे. ज्या पदावर बसून सरकारला धारेवर धरायचे ते पद आपल्याकडे मंत्रालयाच्या सहाव्या मजल्याची प्रतीक्षा खोली होऊन बसले. दंडकाविरुद्ध बोलणाऱ्यांनी ही गोष्टही झाकून ठेवू नये. संख्या असूनही विरोध न उरल्याची उदाहरणे महाराष्ट्राइतकी क्वचितच कोणी दिली असतील.

२०२४ च्या नोव्हेंबरात संख्याही गेली. २८८ पैकी भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७ आणि अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. समोर उद्धव ठाकरे यांची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. एक-दशांश म्हणजे २९. तिघांपैकी एकाकडेही तेवढे नाहीत, तिघांचे मिळून आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये ठाकरे गटाने भास्कर जाधव यांचे नाव अध्यक्षांकडे दिले. पावसाळी अधिवेशन आले आणि गेले, निर्णय झाला नाही. निर्णय किती दिवसांत द्यावा याची मुदत कुठे घातलेली नाही, आणि नकार द्यायचा तर तो लेखी कारणांसह द्यावा, अशी सक्तीही नाही.

एक-दशांश नसतानाही मान्यता दिल्याचा दाखला शोधायला लांब जावे लागत नाही. २०१५ मध्ये दिल्ली विधानसभेत ७० पैकी ६७ जागा आम आदमी पक्षाने जिंकल्या आणि भाजपला तीन मिळाल्या. एक-दशांश म्हणजे सात. अध्यक्ष आम आदमी पक्षाचेच होते. तरीही त्यांनी भाजपच्या विजेंदर गुप्तांना विरोधी पक्षनेता म्हणून मान्यता दिली. त्यासाठी कायद्यात एका शब्दाची दुरुस्ती करावी लागली नाही.